उनाड सरदारांची एक रात्र

'द हॉलिवूड नाइट्स' (म्हणजे हॉलिवूडचे सरदार) हा चित्रपट घरच्या वडीलधाऱ्यांबरोबर बसून पाहण्याजोगा नाही, हे आधीच सांगून टाकलेले बरे. त्यात पार्टीतल्या सरबताच्या भांड्यात लघवी मिसळली जाते, भल्या माणसांना उघडे ढुंगण दाखवणे हा तर रात्रभर चालणारा खेळच असतो, आणि चित्रपटाचा नायक भलताच पोशाख चढवून, पादण्याच्या आवाजांची साथ घेत, 'व्होलारे' हे प्रसिद्ध इटालियन गाणे चारचौघांत म्हणून दाखवतो. मे १९८० मध्ये तो प्रदर्शित झाला तेव्हा समीक्षकांनी त्याची सालटी काढली, आणि तिकीट काढून आत बसलेल्या एखाद्या सभ्य गृहस्थाने मध्येच उठून घर गाठले असेल तर त्याला दोष देता येणार नाही. तरीही मी हा चित्रपट आवडीने पाहत आलो आहे. जुन्या मोटारींचे वेड हे त्याचे एक कारण. दुसरे कारण माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आले. या चावटपणाच्या तळाशी एका शहराचा नकाशा आहे, आणि कोणत्या रस्त्यावरच्या पोराची आगळीक खोडी ठरते व कोणत्या रस्त्यावरच्या पोराची तीच आगळीक गुन्हा ठरते, हे तो बिनचूक दाखवतो. असे काही दाखवायचे दिग्दर्शकाच्या मनात होते की नाही, याबद्दल मात्र मला दाट शंका आहे.

गोष्ट एका रात्रीची आहे. ३१ ऑक्टोबर १९६५, हॅलोविनची, म्हणजे सोंगे घेऊन खोड्या काढण्याची रात्र, आणि स्थळ लॉस एंजेलिसला खेटून वसलेले बेव्हर्ली हिल्स हे श्रीमंतांचे गाव. तेथील 'टबीज' नावाचे ड्राइव्ह-इन उपाहारगृह बंद करून त्या जागी कार्यालयांची इमारत उभारायचे गावातल्या प्रतिष्ठितांनी ठरवले आहे. हे टबीज म्हणजे 'हॉलिवूड नाइट्स' या कार क्लबच्या पोरांचा अड्डा. तो जाणार म्हटल्यावर ही सरदार मंडळी साऱ्या गावावर सूड उगवायला निघतात. न्यूबॉम टर्क (रॉबर्ट वूल) हा त्यांच्यातला सर्वांत तोंडाळ, निर्लज्ज आणि कधीही न दमणारा. त्याच्या मागावर असलेले बिम्बो आणि क्लार्क हे दोन पोलीस रात्रभर फजीत होत राहतात. वयाने थोडा मोठा असलेला ड्यूक (टोनी डान्झा) आपल्या मैत्रिणीवर धुसफुसत असतो, कारण ती टबीजमध्ये गाड्यांपाशी खाणे पोचवण्याचे काम करते आणि नटी व्हायची स्वप्ने पाहते. ही सूझी क्यू म्हणजे तेव्हा फारसे कुणाला ठाऊक नसलेली मिशेल फायफर. फ्रॅन ड्रेशरही यात आहे. २०२३ मध्ये अमेरिकेतील चित्रपट-कलावंतांनी ११८ दिवसांचा संप केला तेव्हा त्यांच्या संघटनेची अध्यक्ष हीच होती. जिमी शाइन नावाचा आणखी एक सदस्य आहे, जो लगेचच सैन्यात रुजू व्हायचा आहे. त्याच्याविषयी पुढे बोलू.

दिग्दर्शक फ्लॉइड मट्रक्स यांचा जीव जुन्या गाण्यांत आणि जुन्या गाड्यांत अडकलेला. दोनच वर्षांपूर्वी त्यांनी रॉक अँड रोलला रेडिओवर जागा मिळवून देणाऱ्या ॲलन फ्रीड या निवेदकावर चित्रपट काढला होता. छायाचित्रण विल्यम फ्रेकर यांचे, म्हणजे १९६८ सालच्या 'बुलिट'मधला सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरचा तो गाजलेला पाठलाग ज्या चित्रपटात आहे, त्याचे छायाचित्रकार. त्यामुळे विनोद कितीही पाचकळ असला तरी रात्रीच्या दिव्यांखाली चकाकणारे पत्रे, क्रोमच्या पट्ट्यांवरून सरकत जाणारे निऑनचे रंग आणि सिग्नलला शेजारी शेजारी उभ्या राहून गुरगुरणाऱ्या दोन गाड्या पाहताना आपण एका जाणत्या माणसाच्या नजरेतून पाहतो आहोत, हे जाणवत राहते.

ड्यूकची पिवळी शेवरले हा या चित्रपटातला माझ्या मते सर्वांत चांगला नट. १९५७ सालच्या बनावटीची ही गाडी खरी आहे आणि तिला स्वतःचे नाव आहे, 'प्रोजेक्ट एक्स'. 'पॉप्युलर हॉट रॉडिंग' या मासिकाने ती १९६५ मध्ये, म्हणजे चित्रपटाची गोष्ट घडते त्याच वर्षी, २५० डॉलरला विकत घेतली. गाडी कशी उघडायची, काय बदलायचे, किती खर्च येतो, हे वाचकांना प्रत्यक्ष करून दाखवण्यासाठी मासिकाला एक हक्काची गाडी हवी होती. पुढे कित्येक वर्षे तिच्यावर प्रयोग होत राहिले, इंजिने आली नि गेली, आणि चित्रपटात ती आली तेव्हा सुपरचार्जर बॉनेट फोडून वर डोके काढून बसला होता. बाहेरून पाहणाऱ्याला हा नुसता दिखाऊपणा वाटतो. पण इंजिनाच्या माथ्यावरचा तो पंप सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबतो, जादा हवेबरोबर जादा पेट्रोल जळते, आणि पोराने पायाखालचे पेडल दाबले की सीटची पाठ त्याला मागून ढकलते. या ढकलण्याचे ज्याला एकदा व्यसन लागले, त्याला हा चित्रपट मी समजावून सांगायला नको.

हे सगळे १९८० च्या प्रेक्षकाला कसे दिसले असेल, याचा विचार केल्याशिवाय त्यातली हुरहुर कळत नाही. १९६५ मध्ये अमेरिकेत पेट्रोल सुमारे ३० सेंटला एक गॅलन मिळत असे. मग १९७३ ची अरब देशांची तेलबंदी आली आणि १९७४ मध्ये साऱ्या देशात ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा लागू झाली. इराणमधील क्रांतीनंतर १९७९ मध्ये तेलाची दुसरी टंचाई आली, आणि त्या वर्षीच्या मे महिन्यात कॅलिफोर्नियाने गाडीच्या क्रमांकाचा शेवटचा आकडा सम की विषम यावरून पेट्रोल भरण्याचे दिवस वाटून दिले. ज्या प्रेक्षकाने आदल्या वर्षी पहाटे उठून पंपावर रांग लावली, त्याच्यासमोर पडद्यावर पोरे नुसती रस्त्याने वर-खाली फिरण्यासाठी टाकीच्या टाकी जाळत होती. पंधराच वर्षांपूर्वीचा काळ, पण परत न मिळणारा. विनोदाला न हसलेली माणसेसुद्धा हे पाहून हळहळली असतील.

चित्रपटातला क्लब म्हणजे निव्वळ टवाळखोरांची टोळी आहे. खरे कार क्लब तसे नव्हते, निदान सगळे तरी नव्हते. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांनी १९३० च्या दशकात मोडक्या फोर्ड गाड्यांचे मडगार्ड आणि छत काढून त्या हलक्या करायला, आणि मोहावी वाळवंटातल्या म्युरॉकसारख्या कोरड्या तळ्यांच्या सपाट तळावर पळवायला सुरुवात केली. धुळीच्या लोटात टकरी होऊ लागल्या तेव्हा या क्लबांनीच १९३७ मध्ये एकत्र येऊन आपली संघटना बांधली, वेळ मोजण्याचे आणि सुरक्षिततेचे नियम घातले. महायुद्धाहून परतलेल्या तरुणांनी हा छंद शहराच्या रस्त्यांवर आणला. मग अपघात आले, वर्तमानपत्रांतला आरडाओरडा आला, आणि 'हॉट रॉड' (अशी फेरफार करून वेगवान केलेली गाडी) हा शब्द आया मुलांना दटावण्यासाठी वापरू लागल्या. वॉली पार्क्स हे त्या काळी 'हॉट रॉड' मासिकाचे संपादक होते. त्यांनी १९५१ मध्ये राष्ट्रीय संघटना स्थापन केली ती या शर्यती रस्त्यावरून उचलून बंदिस्त धावपट्टीवर नेण्यासाठी.

या कामात त्यांना मदत कोणाची झाली, तर पोलिसांची. लॉस एंजेलिसच्या पूर्वेला असलेल्या पोमोना शहराचे पोलीस प्रमुख राल्फ पार्कर आणि त्यांचे सार्जंट बड कून्स यांनी 'पोमोना चॉपर्स' या स्थानिक क्लबच्या पोरांना पकडत बसण्याऐवजी त्यांच्यासाठी जत्रेच्या मैदानाच्या आवारात धावपट्टी मिळवून दिली. राष्ट्रीय संघटनेची पहिली अधिकृत शर्यत एप्रिल १९५३ मध्ये तेथेच झाली, आणि पुढच्या वर्षी गावोगाव फिरून सुरक्षित शर्यती कशा भरवाव्यात हे शिकवायला जी तुकडी निघाली तिचे म्होरकेपण कून्स यांच्याकडे होते. बिम्बो आणि क्लार्क यांची फजिती पाहताना मला नेहमी हे दोन खरे पोलीस आठवतात. त्यांच्यावर विनोदी चित्रपट निघणार नाही. पण रस्त्यावर मरणारी किती पोरे त्यांच्यामुळे वाचली असतील, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

माझी मुलगी लॉस एंजेलिसजवळच्या बर्बँकला राहते. तिच्या घरापासून जवळच, रिव्हरसाइड ड्राइव्हवर, 'बॉब्ज बिग बॉय' हे १९४९ साली वेन मॅकॲलिस्टर यांनी आराखडा केलेले जुने उपाहारगृह अजून चालू आहे. १९६५ मध्ये बीटल्स तेथे जेवायला आले होते, आणि ते ज्या टेबलावर बसले तेथे तशी पाटी आहे. शुक्रवारी संध्याकाळी त्याच्या आवारात जुन्या गाड्या जमतात. मालक बहुतेक सत्तरी ओलांडलेले. गाडीची बॉनेट उघडी टाकून शेजारी घडीच्या खुर्चीत बसतात आणि तुम्ही इंजिनात डोकावलात की खुर्चीतूनच माहिती देऊ लागतात. आठवडाअखेरीस तेथे गाडीपाशी खाणे आणून देण्याची पद्धतही टिकून आहे. खिडकीची काच थोडी वर करायची, तिच्या कडेवर ट्रेचा आकडा अडकतो, खालचा टेकू दाराला लागतो, आणि बर्गर-मिल्कशेकचा डोलारा दारावर तरंगत राहतो. हे ट्रे सांभाळत, गाड्यांमधून वाट काढत, पोरांच्या शिट्ट्या ऐकून न ऐकल्यासारखे करत सूझी क्यूसारख्या मुलींनी किती संध्याकाळी काढल्या असतील, हे तो ट्रे अडकवताना पाहिल्यावर अधिक कळले.

अशाच एका शुक्रवारी एका फोर्डच्या मागच्या काचेत मला क्लबची पाटी टांगलेली दिसली. ओतीव ॲल्युमिनियमची, वीतभर उंचीची. अक्षरे उठावाची आणि घासून चकचकीत केलेली, त्यांच्या मागची जमीन काळी रंगवलेली, वरच्या दोन कोपऱ्यांना भोके आणि त्यांतून ओवलेली बारीक साखळी. मालक म्हणाले, "हात लावा, जड आहे. बैठकीला तीनदा गैरहजर राहिलात तर ही परत करावी लागायची." रस्त्यात कुणाची गाडी बंद पडली तर थांबून दुरुस्त करून द्यायची, आणि निघताना 'आपल्याला अमुक क्लबच्या सदस्याने मदत केली' असे छापलेले कार्ड हातात ठेवायचे, ही त्या काळच्या क्लबांची रीत त्यांनी मला सांगितली. पोलिसांनी दंड केला तर क्लब वेगळा दंड लावत असे. मी 'हॉलिवूड नाइट्स'चे नाव काढले तेव्हा ते खदखदून हसले. "पिवळ्या गाडीसाठी पाहिला," ते म्हणाले, "पण तो टर्क आमच्याकडे असता तर पहिल्याच आठवड्यात पाटी काढून घेतली असती."

मग चित्रपटातल्या पोरांना एवढी मोकळीक कुठून मिळते? एक तर ती हॅलोविनची रात्र आहे. आपल्याकडे शिमग्याला होळीसाठी लाकडे चोरण्याची जी सूट असते, तशीच ही सूट. ओट्यावर काठी घेऊन जागत बसलेला मालक शिव्या घालतो, पोरे बोंबा मारत त्याच्या कुंपणाचा खांब पळवतात, आणि दुसऱ्या दिवशी तोच मालक त्यांना पुरणपोळी वाढतो. या खेळाची एक अट असते, ती कुणी बोलून दाखवत नाही. चोर आणि राखणदार एकाच गावचे हवेत, एकमेकांना नावाने ओळखणारे हवेत. बिम्बो रागाने लालबुंद होतो, धावतो, आपटतो; पण त्याच्या हातून या पोरांचे काही बरेवाईट होईल अशी भीती त्यांना वाटत नाही, पाहणाऱ्या आपल्यालाही वाटत नाही, आणि म्हणूनच आपण हसू शकतो. नाइट्स काही बेव्हर्ली हिल्सच्या बंगल्यांत राहणारे वाटत नाहीत. पण पोलिसाने टोकले तर हात स्टेअरिंगवर दिसतील असे ठेवा, हे त्यांना कुणी घरी शिकवलेले नाही.

चित्रपटातला एक प्रसंग असा आहे की तो मला आता हसू देत नाही. क्लबात नव्याने येऊ पाहणाऱ्या चौघांची परीक्षा घ्यायची म्हणून त्यांचे कपडे काढून घेतात आणि लाज झाकायला गाडीचे टायर तेवढे देऊन त्यांना वॉट्स भागात सोडून देतात. वॉट्स ही दक्षिण लॉस एंजेलिसमधली काळ्या लोकांची वस्ती. १९८० च्या प्रेक्षकाला हे समजावून सांगावे लागत नव्हते. नाव ऐकताच पोटात गोळा यावा आणि त्या गोळ्याचे हसू व्हावे, एवढाच त्या जागेचा उपयोग.

पण तारीख पाहा. ११ ऑगस्ट १९६५ च्या संध्याकाळी, त्याच परिसरात, मार्केट फ्राय नावाचा २१ वर्षांचा काळा तरुण आपल्या आईची १९५५ सालची ब्यूक चालवत भावाबरोबर घरी निघाला होता. महामार्ग पोलिसांच्या मोटारसायकलस्वाराने त्याला दारू पिऊन गाडी चालवल्याच्या संशयावरून थांबवले. घर हाकेच्या अंतरावर होते. लोक जमले, आई धावत आली, झटापट झाली, तिघांनाही अटक झाली. मग जे पेटले ते सहा दिवस जळत राहिले. ३४ माणसे मेली, हजाराहून अधिक जखमी झाली, जवळजवळ ४,००० जणांना अटक झाली आणि सुमारे ४ कोटी डॉलरचे नुकसान झाले. या सगळ्याची सुरुवात एका गाडीपासून, एका तरुणापासून आणि त्याला थांबवणाऱ्या एका पोलिसापासून झाली. 'हॉलिवूड नाइट्स'चा सगळा विनोदही याच तीन गोष्टींवर उभा आहे. मधले अंतर ८१ दिवसांचे आणि काही मैलांचे. बेव्हर्ली हिल्समध्ये पोलीस मागे लागला की पोरे दात काढतात. वॉट्समध्ये पोलिसाने गाडी अडवली आणि शहराचा एक भाग जळाला. दंगलीला विषमता, बेकारी, घरभाड्यातला भेदभाव अशी खोल कारणे होती, ती नुसत्या त्या अटकेने घडली असे कुणी म्हणणार नाही. पण ती वस्ती या चित्रपटात येते ती चार नागड्या पोरांच्या मागचा पडदा म्हणून, हे काही मनातून जात नाही.

शहराच्या पूर्व भागात मेक्सिकन वंशाच्या पोरांचे कार क्लब होते, त्यांची तऱ्हाच निराळी. त्यांना वेग नको होता. व्हिटियर बुलेव्हार्डवरून गाडी जितकी हळू आणि जितकी जमिनीलगत नेता येईल तितकी शान मोठी. त्यासाठी आधी डिकीत वाळूची किंवा सिमेंटची पोती टाकत, नाहीतर स्प्रिंगा कापत. दक्षिण लॉस एंजेलिसमध्ये रुएलास बंधूंनी १९६२ मध्ये सुरू केलेला 'ड्यूक्स' हा अशा जुन्या क्लबांपैकी एक, आजही चालू असलेला. मात्र १ जानेवारी १९५८ पासून कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यात कलम २४००८ आले. चाकाच्या रिमच्या तळापेक्षा गाडीचा कोणताही भाग खाली असता कामा नये, असे ते म्हणत होते. बेफाम वेग पकडणे कठीण असते, त्यासाठी मागे धावावे लागते. गाडीची उंची मोजायला पट्टी पुरते. रंगवलेली, घासूनपुसून चकचकीत केलेली, ताशी दहा मैलांनी चाललेली गाडी अडवून चालकाच्या हातात दंडाची पावती ठेवायला हे कलम फार सोयीचे होते.

यावर रॉन अगिरे नावाच्या तरुणाने काय केले ते ऐकण्यासारखे आहे. महायुद्धानंतर विमानांचे सुटे भाग भंगाराच्या भावाने मिळत असत. त्यातले हायड्रॉलिक पंप आणि सिलिंडर आणून अगिरे यांनी, वडिलांच्या मदतीने, आपल्या कॉर्व्हेट गाडीत बसवले. कळ दाबली की पंप तेल रेटतो, सिलिंडरचा दट्ट्या पुढे सरकतो आणि गाडीचे नाक वर उठते. कळ सोडली की तेल माघारी येते आणि गाडी पुन्हा जमिनीला टेकते. पोलीस दिसला की गाडी कायद्याच्या उंचीवर. पोलीस पुढे गेला की पुन्हा पोट रस्त्याला. अंमलदार पट्टी घेऊन वाकेपर्यंत गुन्हाच उरलेला नाही! टर्कच्या साऱ्या रात्रीच्या उचापती एका पारड्यात घातल्या तरी या एका कळीची सर त्यांना येणार नाही. यात कुणाला ओले केले नाही, कुणाच्या पोरीची अब्रू काढली नाही, आणि कायद्याचे अक्षरन् अक्षर पाळून त्याची खिल्ली उडवली. कार क्लबच्या खोडसाळपणावर खरा विनोदी चित्रपट कुणाला काढायचा असेल तर त्याची पटकथा इथे तयार पडलेली आहे. ते कलम, आणि गाडी घेऊन नुसते रस्त्याने मिरवायला शहरांनी घातलेली बंदी, कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२४ पासून मोडीत काढली. कलमाला ६६ वर्षे झाली होती.

मुलींबद्दल थोडक्यात लिहितो, कारण चित्रपटच त्यांच्याकडे थोडक्यात पाहतो. सूझी क्यूचा अपवाद सोडला तर त्या एकतर डोकावून पाहण्यासाठी आहेत किंवा, अंतर्वस्त्र घालायला विसरलेल्या त्या चीअरलीडरसारख्या, फजितीसाठी. हे त्या काळचे होते म्हणून सोडून द्यावे, असे मलाही पूर्वी वाटे. पण त्याच १९८० साली शर्ली मल्डाउनी या बाईने ड्रॅग शर्यतींच्या, म्हणजे सरळ पट्टीवरच्या वेगाच्या शर्यतींच्या, सर्वांत वरच्या, टॉप फ्युएल वर्गाचे राष्ट्रीय अजिंक्यपद दुसऱ्यांदा जिंकले. पहिले १९७७ मध्ये जिंकले होते, तिसरे १९८२ मध्ये जिंकले. पाव मैलाच्या पट्टीवर भल्याभल्या पुरुषांना मागे टाकणारी बाई हयात होती, गाजत होती, आणि कार क्लबवरच्या चित्रपटाला ती दिसली नाही.

या चित्रपटावर नकलेचा आरोप झाला, तो काही खोटा नाही. जॉर्ज लुकास यांच्या १९७३ सालच्या 'अमेरिकन ग्रॅफिटी'ने हा सगळा मसाला आधीच मांडून ठेवला होता: एकच रात्र, ड्राइव्ह-इन, पिवळी गाडी, रेडिओवरची गाणी. त्यातही 'फॅरोज' नावाची टोळी आहे, आणि पोलिसांच्या गाडीच्या मागच्या आसाला साखळी बांधून ती गाडी जागच्या जागी उखडवण्याची खोडीही आहे. फरक इतकाच की लुकास यांनी गाडीच्या खेळाची किंमत स्वतः चुकवली होती. १२ जून १९६२ रोजी मोडेस्टो या आपल्या गावी, घराजवळच, त्यांच्या छोट्या बियांकिना गाडीला दुसऱ्या गाडीची धडक बसली, ती उलटत जाऊन झाडावर आदळली, आणि सीटबेल्ट तुटून बाहेर फेकले गेले म्हणूनच ते वाचले. त्यांच्या चित्रपटाच्या शेवटी पडद्यावर चार पोरांचे पुढे काय झाले ते लिहून येते: एक १९६४ च्या डिसेंबरात दारू प्यालेल्या चालकाच्या धडकेत मेला, एक पुढच्या वर्षी व्हिएतनाममध्ये बेपत्ता झाला, एक विमा एजंट झाला, एक कॅनडात लेखक आहे. इतका वेळ हसलेल्या माणसाच्या घशात या चार ओळी अडकतात.

मट्रक्स यांच्याकडे जिमी शाइन आहे. २८ जुलै १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी व्हिएतनाममधले सैन्य वाढवण्याची घोषणा केली आणि सक्तीच्या भरतीचा मासिक आकडा १७ हजारांवरून ३५ हजारांवर नेला. म्हणजे जिमी निघतो तो नेमका या लाटेत. सोबत्यांच्या दंग्यामधूनच त्याचा निरोप चाललेला असतो, आणि गॅरी ग्रॅहम या नटाच्या चेहऱ्यावर मधूनच जे येते ते या चित्रपटात इतरत्र कुठेही येत नाही. बिम्बोला चकवता येते, गावातल्या प्रतिष्ठितांना चकवता येते; भरतीच्या कचेरीला चकवता येत नाही. सैन्यभरतीचा हा पट्टा वॉट्सवरून आणि व्हिटियर बुलेव्हार्डवरूनही तसाच फिरत होता, आणि कॉलेजात नाव घालून सवलत मिळवण्याची ऐपत तेथे फार थोड्यांकडे होती.

जिमीचे पुढे काय झाले, हे लुकास यांच्यासारखे लिहून दाखवायचे मट्रक्स यांनी टाळले. त्यामुळे चित्रपट हलका राहिला, असे काहींना वाटते आणि ते बरोबरच आहे. मला वाटते, एकाचे भवितव्य लिहायचे ठरवले असते तर मग सगळ्यांचेच लिहावे लागले असते: टबीजमधल्या मुलींचे, त्या दोन अंमलदारांचे, आणि टायर कमरेला लावून पळणाऱ्या चौघांकडे ज्यांनी आपापल्या दारातून पाहिले असेल त्या वस्तीतल्या पोरांचेही. तेवढी छाती या चित्रपटात नव्हती. त्याला फक्त एक रात्र हवी होती आणि ती त्याने पुरेपूर उधळली.